लेकरू रात्री अंथरूण भिजवतंय? काय करायचं, आणि कोणत्या क्रमानं

आमचा धाकटा साडेसहा वर्षांचा होईपर्यंत आठवड्यातल्या चार-पाच रात्री अंथरूण भिजवायचा. आम्ही लातुरात राहतो. नळाला पाणी आठवड्यातून एकदा, आणि धुवायला रोज सकाळी दोन चादरी, एक वाकळ, एक चड्डी. २०१६ च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं तेव्हा हा जन्मला नव्हता, एवढंच नशीब. गच्चीवर चादर दिसली की समोरच्या काकू चहाचा कप घेऊन उभ्याच. "आज पण का?"

त्याचं नाव इथं लिहीत नाही. मोठेपणी वाचलं तर वर्षभर बोलणार नाही माझ्याशी.

मी डॉक्टर नाही. पण दीड वर्षात जे उलटंसुलटं केलं ते तुम्हाला करावं लागू नये म्हणून क्रम लावून लिहितेय. क्रमाला महत्त्व आहे. आम्ही शेवटची पायरी पहिल्यांदा चढलो आणि आपटलो, त्याची गोष्ट पुढे येईल.

आधी हे जमवून ठेवा

- दोन रबरशीट. मेडिकलमध्ये बाळाचं रबरशीट म्हणून मागा, जुनी माणसं मेणकापड म्हणतात.
- चार जुन्या सुती चादरी. नवीन घेऊ नका.
- झाकणाची एक बादली.
- मिलीच्या खुणा असलेला प्लास्टिकचा मग.
- दोनशे पानी वही आणि तिला दोरीनं बांधलेला पेन. दोरी नसेल तर पेन तिसऱ्या दिवशी गायब.
- रात्री संडासाच्या वाटेवर लावायला झिरोचा बल्ब, आणि लाइट जाते तेव्हासाठी बॅटरी.

१. आधी वय बघा

लेकरू पाच वर्षांच्या आतलं असेल तर रबरशीट घाला आणि निवांत राहा. बाकी काही करायची गरज नाही. पाच वर्षांच्या शंभर मुलांत साधारण पंधरा जण रात्री भिजवतात, सात वर्षांपर्यंत हा आकडा पाच ते दहावर येतो. मुलींपेक्षा मुलांत जास्त. दरवर्षी भिजवणाऱ्यांपैकी साधारण पंधरा टक्के काही न करताच कोरडे होतात.

कारण आळस नाही, हे घरातल्या प्रत्येकाला एकदा बसवून सांगा. रात्री मेंदूतून एक संप्रेरक सुटतं, व्हॅसोप्रेसिन नावाचं. त्यानं झोपेत लघवी कमी तयार होते. काही मुलांत ते उशिरा नीट काम करायला लागतं. काहींची लघवीची पिशवी लवकर आवळते. आणि पिशवी भरल्याचा निरोप मेंदूकडे गेला तरी लेकराला जाग येत नाही. झोपेत तो हे मुद्दाम करूच शकत नाही.

शिवाय हे रक्तातून येतं. आई-वडिलांपैकी एकाला लहानपणी असेल तर निम्म्याच्या जवळपास मुलांना होतं, दोघांनाही असेल तर चारातल्या तिघांना. मी दोन वर्षं माझंच काहीतरी चुकलं म्हणून झुरत होते, आणि एक दिवस ज्वारी पाखडता पाखडता आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, म्हणाल्या, "ह्याचं काय घेऊन बसलीस, ह्याचा बाप चौथीपर्यंत वाकळा भिजवायचा." मी नवऱ्याकडे पाहिलं. तो मोबाइलमध्ये खोल शिरला.

तेव्हा आधी सासूबाईंना विचारा. दोन वर्षं वाचतील.

२. दोन आठवडे नुसतं लिहा

उपाय काही नाही, फक्त वही. रोज चार गोष्टी: रात्र ओली की कोरडी, दिवसात किती वेळा लघवी, शौचाला झाली का आणि कशी, पाणी-दूध-चहा किती वाजता किती.

एका रविवारी मग काढा आणि प्रत्येक वेळी त्यात लघवी करायला लावा. पोरांना यात भलतीच मजा येते. या वयात पिशवी किती धरायला हवी याचा डॉक्टरांचा एक ढोबळ हिशेब आहे: वयात एक मिळवा आणि तीसनं गुणा. सहा वर्षांच्या मुलाचे २१० मिली. आमच्या साहेबांची सगळ्यात मोठी खेप भरली ११०. हा आकडा पुढे डॉक्टरांना दाखवला तेव्हा त्यांनी पहिल्यांदा मान वर करून माझ्याकडे पाहिलं.

दिवसभरात चार ते सात वेळा लघवी होणं ठीक. आमच्याकडे होत होती तीनदा. का, ते चौथ्या पायरीत.

३. पोट साफ होतंय का?

सगळ्यात जास्त फरक इथं पडला आणि सगळ्यात उशिरा लक्ष इथंच गेलं, म्हणून सावकाश लिहिते.

मोठं आतडं आणि लघवीची पिशवी शेजारी-शेजारी असतात. आतड्यात खडा धरून राहिला की तो पिशवीला रेटतो. मग पिशवीत जागाही कमी आणि ती आवळतेही लवकर. "आमचा रोज जातो की" असं मीही सांगितलं होतं. रोज जायचा, पण थोडंसं. शेळीच्या लेंड्यांसारखं. चड्डीला डाग लागायचे, आणि मी "नीट धूत नाहीस" म्हणून ओरडायचे. ते डागसुद्धा आत साठलेल्याचंच लक्षण होतं.

काय केलं ते सांगते. सकाळची बिस्किटं बंद केली. त्यावरून घरात पंधरा दिवस युद्ध झालं, त्यात आजोबा शत्रूच्या बाजूला. ज्वारीची भाकरी वरणात कुस्करून, पालेभाजी, पेरू, पपई. रात्रीच्या जेवणानंतर दहा मिनिटं संडासात बसवायचं, झालं तरी नाही झालं तरी, घाई नाही. आपला भारतीय संडास याला उत्तम. कमोड असेल तर पायाखाली पाट द्या, लोंबत्या पायांनी जोर लागत नाही.

खडा जुना असेल तर नुसत्या पपईनं निघत नाही. डॉक्टर लॅक्टुलोजसारखं पातळ औषध किंवा पाण्यात घालायची पावडर देतात, आणि ती काही आठवडे, कधी काही महिने चालते. चार दिवसांत पोट मोकळं झालं म्हणून मी बंद केली, आणि दोन आठवड्यांत पुन्हा पहिल्यासारखं. जुलाबाच्या गोळ्या आपल्या मनानं देऊ नका. एरंडेलही नको, आत्याबाई काहीही म्हणोत.

पोट नीट झाल्यावर, बाकी काही न बदलता, आमच्या ओल्या रात्री पाचावरून तीनवर आल्या.

४. पाणी तोडू नका, त्याची वेळ बदला

"चारनंतर पाण्याचा थेंब देऊ नको" हा सल्ला तुम्हाला किमान सहा जण देतील. आपल्याकडे मे महिन्यात पारा बेचाळीसवर जातो. तहानलेल्या लेकराचं पाणी तोडणं धोक्याचं आहे, आणि लघवी घट्ट झाली की पिशवीला ती आणखी टोचते.

खरा घोळ शाळेत असतो. आमचा सकाळी भरलेली बाटली संध्याकाळी भरलेलीच परत आणायचा. खोदून विचारलं तेव्हा कळलं, शाळेतल्या मुतारीला कडी नव्हती आणि वास यायचा, म्हणून तो पाणीच प्यायचा नाही. घरी आला की पाच ते आठ या वेळात दिवसभराची तहान भागवायचा. मग रात्री दुसरं काय होणार?

बाईंना एकट्यात भेटले. वर्गासमोर नाही. मधल्या सुट्टीच्या पाच मिनिटं आधी त्याला सोडायचं ठरलं आणि बाटलीवर मी दोन रेघा मारल्या: पहिली मधल्या सुट्टीपर्यंत, दुसरी शाळा सुटेपर्यंत. चार ते आठ वर्षांच्या मुलाला दिवसाला साधारण एक ते दीड लिटर एकूण लागतं, उन्हाळ्यात जास्त. त्यातला बराचसा भाग दुपारपर्यंत पोटात जाऊ द्या. संध्याकाळी तहानेपुरतं.

संध्याकाळचा चहा बंद. कपभर दूधच असतं त्यात, हे मला सांगू नका, मीही तेच म्हणायचे. कोल्ड्रिंकही नको. आणि उन्हाळ्यात रात्री नऊला गच्चीवर बसून टरबूज खायची आपली पद्धत आहे ना, ती लेकरासाठी दुपारी चारला आणा.

५. अंथरूण असं घाला

पाणी कमी असलेल्या घरात हीच पायरी तुमचं डोकं शांत ठेवेल.

गादीवर रबरशीट, त्यावर चादर. त्यावर पुन्हा रबरशीट, पुन्हा चादर. रात्री दोनला ओलं झालं की वरची जोडी ओढून बादलीत, खाली कोरडं अंथरूण तयार. दिवा लावायचा नाही, कपाट उघडायचं नाही, कुणाला उठवायचं नाही. चड्डी उशाशीच ठेवलेली. सवय झाल्यावर मला दोन मिनिटं लागायची.

कापसाची गादी एकदा आत भिजली की धुता येत नाही, ऊन दाखवलं तरी वास राहतो, म्हणून तिला वाचवा. पांघरायला वाकळ नको, पातळ चादरी दोन घाला. वाकळ वाळायला पावसाळ्यात तीन दिवस घेते.

माझ्या भावानं प्रेमानं शेततळ्याच्या प्लास्टिक कागदाचा तुकडा कापून आणून दिला होता. घालू नका. कूस बदलली की पत्रा वाजल्यासारखा वाजतो, घामानं पाठीवर पुरळ उठतं. खताच्या गोणीचं तर नावच नको. आणि पातळ प्लास्टिक मोकळं अंथरू नका, लहान मुलाच्या तोंडावर आलं तर गुदमरेल.

धुण्याचं: ओली चादर सकाळपर्यंत झाकणाच्या बादलीत. पहिलं विसळणं आरओच्या वाया जाणाऱ्या पाण्यात किंवा भाजी धुतलेल्या पाण्यात, थंडच. ते पाणी आमच्या कडुलिंबाला जातं, त्याची काही तक्रार नाही. मग साबणाचं एक पाणी, आणि कडक ऊन. ऊन आपल्याकडे भरपूर, तेवढं तरी फुकट आहे. ब्लीचिंग पावडर लघवीच्या कपड्यावर टाकू नका, त्यातून घसा धरणारा वायू निघतो.

६. झोपायच्या आधी आणि मध्यरात्री

झोपायच्या तयारीला लागताना एकदा लघवी, आणि गोष्ट सांगून झाल्यावर, अगदी डोळे मिटायच्या आधी, दुसऱ्यांदा. "आत्ताच जाऊन आलो" म्हणेल. तरी पाठवा.

संडास अंगणात असेल तर अंधार आणि कुत्री या दोन गोष्टींना मुलं घाबरतात, आणि सांगत नाहीत. जाग आली तरी पडून राहतात. खोलीच्या कोपऱ्यात झाकणाचा डबा ठेवा. माझ्या माहेरी, निलंग्याकडे, हाच उपाय चालला.

रात्री उचलून न्यावं का? अर्धवट झोपेत खांद्यावर टाकून नेलं तर चादर वाचते, पण लेकरू काही शिकत नाही. उपाय म्हणून त्याच्यावर विसंबू नका. नळाच्या आदल्या दिवशी टाकी रिकामी असताना मी मात्र उचलून नेलंय, खोटं कशाला बोलू.

७. सकाळी काय बोलायचं

कमीत कमी. "चादर बादलीत टाक, अंघोळ कर." तेवढंच. चादर टाकायचं काम त्याचं, पण शिक्षा म्हणून नाही. दात घासण्यासारखं काम.

या गोष्टी घरात कुणालाच करू देऊ नका: मारणं, पाहुण्यांसमोर सांगणं, भावंडांकडून चिडवणं, "चुलीपाशी खेळलास म्हणून झालं" म्हणणं, अंगाऱ्या-गंड्यासाठी हिंडवणं. कुणी डाग द्यायचा, चटका द्यायचा सल्ला दिला तर त्या घरी पुन्हा जाऊ नका. तिळाचा लाडू द्या हवं तर, खायला चांगला आहे. त्यानं अंथरूण कोरडं होत नाही.

कॅलेंडरवर चांदण्या चिकटवायच्या असतील तर कोरड्या रात्रीला चिकटवू नका, ती त्याच्या हातात नसते. शाळेतली बाटली संपवली, झोपताना दोनदा गेला, यांना चिकटवा.

आमच्याकडे सगळ्यात मोठं काम नवऱ्यानं केलं. आत्याबाईंनी भांडं फोडल्यावर चार दिवसांनी, रात्री, पोराच्या शेजारी पडून तो हळूच म्हणाला, "मी पण भिजवायचो रे. चौथीपर्यंत." पोरगं उठून बसलं. "मग तू कधी थांबलास?" "आपोआप थांबलं." "आजी मारायची का?" नवरा जरा वेळ गप्प. मग म्हणाला, "झोप आता."

८. डॉक्टरकडे कधी

पाच वर्षांपुढे, आठवड्यात दोन-तीनदा होत असेल आणि वरच्या गोष्टी दीड-दोन महिने करून फरक नसेल, तर बालरोगतज्ज्ञ.

पण पुढचं काही दिसलं तर वाट बघू नका:

- सहा महिने किंवा जास्त कोरडं राहिलेलं लेकरू पुन्हा भिजवायला लागलं, त्यात सारखी तहान, वजन उतरलेलं, मलूलपणा. हा लहान मुलांतला मधुमेह असू शकतो. त्याच दिवशी दवाखाना गाठा आणि साखर तपासायला सांगा.
- लघवीला जळजळ, ताप, लाल लघवी.
- दिवसाही चड्डी ओली राहणं, थेंब-थेंब गळणं, बारीक धार.
- चालण्यात फरक, पायात कमजोरी.
- रोज रात्री मोठं घोरणं. नाकामागच्या वाढलेल्या गाठींमुळेही (ॲडिनॉइड) अंथरूण ओलं होतं.
- रात्री गुदद्वाराशी खाज. सुतासारखे पांढरे जंत असतील.

कोरडं लेकरू पुन्हा भिजवायला लागलं आणि वरचं काहीच नसेल, तर घरात काय बदललं ते बघा. बीडकडच्या ऊसतोड कुटुंबांत आई-बाप दिवाळीनंतर कोपीवर, म्हणजे ऊसतोडीच्या झोपडीवर, जातात आणि पोरं आजीकडे राहतात. अशा वेळी लेकराचं मन सांभाळायचं. शाळेत कुणी त्रास देतंय का, कुणी अंगाला हात लावतंय का, हेही हळूच विचारा.

सोबत न्यायचं: वही, मगाचा आकडा, आधीची फाइल, लेकराचं आधार कार्ड. पहिली तपासणी बहुतेक साध्या लघवीचीच असते, सोनोग्राफी प्रत्येकाला लागत नाही. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या सरकारी दवाखान्यांत, म्हणजे प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय, जिल्हा रुग्णालय, १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत आहेत. संभाजीनगरच्या घाटीसारखी वैद्यकीय महाविद्यालयांची रुग्णालयं त्यात येत नाहीत, तिथं केसपेपरचे पैसे सुटे ठेवा. शाळेत आरोग्य तपासणीचं पथक वर्षातून एकदा येतं, त्यातल्या डॉक्टरांनाही विचारता येतं. फक्त लेकराच्या वर्गमित्रांसमोर नको.

पहिल्या डॉक्टरांनी न बघताच "होईल मोठा झाल्यावर" म्हणून आम्हाला वाटेला लावलं. दुसऱ्यांनी पहिला प्रश्न शौचाचा विचारला. असा प्रश्न विचारणारा डॉक्टर मिळेपर्यंत शोधा.

९. अलार्म आणि गोळी

हीच ती शेवटची पायरी, जी आम्ही पहिल्यांदा चढलो. चड्डीला लावायचा एक छोटा सेन्सर असतो, पहिला थेंब लागला की दंडावरची डबी वाजते. ऑनलाइन मिळतो. आम्ही मागवला, लावला, रात्री एकला वाजला. आत्याबाई उठल्या, मोठी लेक उठली, गल्लीतलं कुत्रं उठलं. हा झोपलेला. तीन आठवड्यांत कंटाळून डबी कपाटावर.

चुका दोन होत्या. पोट साफ नव्हतं. आणि अलार्म लेकराला उठवतो असा आमचा समज होता. सुरुवातीला तो तुम्हाला उठवतो. तुम्ही त्याला पूर्ण जागं करायचं, तोंडावर पाण्याचा हात फिरवायचा, त्यानं स्वतः डबी बंद करायची आणि पायांनी चालत जायचं. दोन-तीन महिने, रोज. म्हणून परीक्षा, लग्नसराई, सुगी, तान्हं बाळ यातलं काही घरात असेल तेव्हा सुरूच करू नका. सलग चौदा रात्री कोरड्या गेल्या की थांबवायचा. महिनाभरात काहीच फरक नसेल, म्हणजे डागही लहान नाही आणि वेळही पुढे सरकत नाही, तर डॉक्टरांना सांगा. साधारण तिघांपैकी दोघांना गुण येतो. बंद केल्यावर पुन्हा भिजवलं तर पुन्हा लावता येतो.

दुसऱ्या खेपेला आम्हाला दहा आठवडे लागले. सातव्या आठवड्यात एका रात्री डबी वाजलीच नाही, पण संडासाचं दार वाजलं. मी अंधारात उठून बसले. आतून पाण्याचा मग पडल्याचा आवाज, मग "सांडलं गं" अशी हाक.

गोळी असते, डेस्मोप्रेसिनची. रात्री लघवी कमी तयार करते. घेतली त्या रात्रीपुरता गुण, म्हणून सहल, मुक्काम यांसाठी उपयोगी. पण गोळीच्या एक तास आधीपासून पुढे आठ तास पाणी जवळजवळ बंद ठेवावं लागतं, नाहीतर रक्तातलं मीठ उतरून झटके येऊ शकतात. उलट्या, जुलाब, ताप असताना द्यायची नाही. डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय, शेजाऱ्याच्या पोराची उरलेली, असं कधीही नाही.

१०. आजोळ, लग्न, वसतिगृह

मुक्कामाला जाताना वेगळी पिशवी: एक रबरशीट, दोन चादरी, तीन चड्ड्या, झिपची जाड पिशवी. यजमानांपैकी एकाच बाईला आधी फोन करून सांगा. बाकीच्यांना कळायची गरज नाही. लग्नघरी एकाच सतरंजीवर पंधरा पोरं झोपतात, तिथं याला भिंतीकडे, तुमच्या बाजूला घ्या. प्रवासापुरती डायपरची चड्डी घातली तर बिघडत नाही, तिला "बाळाची" म्हणू नका म्हणजे झालं.

वसतिगृहात ठेवायचं असेल तर अधीक्षकांना दाखल करायच्या दिवशीच, मूल दुसरीकडे असताना सांगा. खालची कॉट आणि संडासाजवळची जागा मागा.

चौदा कोरड्या रात्री झाल्या तरी खालचं रबरशीट तीन महिने काढू नका. डिसेंबरातल्या थंडीत आमच्याकडे पुन्हा दोनदा झालं. चादर बादलीत, अंघोळ, शाळा.

मागच्या महिन्यात नणंदेचा फोन आला, आवाज एकदम बारीक. "वहिनी, ते मेणकापड आहे का गं अजून?"